मेनूत प्रोग्राम नकोत, कामं हवीत: विरंगुळा केंद्राच्या संगणकासाठी एक्सएफसीईचा मेनू नव्याने मांडताना

विरंगुळा केंद्रातल्या संगणकावर कुणी अर्ज लिहायला बसलं, तर मेनूत 'अर्ज' हा शब्द त्यांना कुठेच सापडत नाही. सापडतो तो 'लिबरऑफिस रायटर', आणि तोही 'ऑफिस' नावाच्या विभागात. नोकरी सोडून वर्षं लोटलेल्या माणसाला 'ऑफिस'मध्ये शिरावं असं सुचत नाही. फोटो बघायचे तर 'ग्राफिक्स', पेपर वाचायचा तर 'इंटरनेट' आणि त्यात 'फायरफॉक्स'. ही नावं प्रोग्राम बनवणाऱ्यांच्या सोयीची आहेत, वापरणाऱ्यांच्या नाहीत.

विंडोज १० चा मायक्रोसॉफ्टकडून मिळणारा आधार, म्हणजे नेहमीचे अपडेट, १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. तेव्हापासून घरोघरचे चांगले चालणारे संगणक सोसायट्यांच्या कार्यालयांत, अभ्यासिकांत आणि ज्येष्ठ नागरिकांच्या केंद्रांत येऊ लागले. नेरूळमध्ये आमच्या भागातल्या केंद्रात असा संगणक आला की त्यावर विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही मोफत ऑपरेटिंग सिस्टीम चढवतो, आणि तीही एक्सएफसीई या हलक्या डेस्कटॉपची आवृत्ती. जुन्या यंत्रावर ती हलकी चालते, आणि तिचा मेनू मुळापासून बदलता येतो. तो कसा बदलायचा ते इथे सविस्तर लिहितो. पायऱ्या मिंटच्या एक्सएफसीईसाठी आहेत, पण झुबुंटूवरही (उबुंटू लिनक्सची एक्सएफसीई आवृत्ती) जवळपास तशाच लागू पडतील.

मेनू येतो कुठून

हे समजून घेतल्याशिवाय हात लावू नका, कारण पुढचं सगळं यावरच उभं आहे. मेनूतली प्रत्येक नोंद म्हणजे एक छोटी मजकूर फाइल, जिच्या नावाच्या शेवटी 'डॉट डेस्कटॉप' असतं. प्रोग्राम बसवला की त्याची अशी फाइल 'यूएसआर' फोल्डरमधल्या 'शेअर', त्यातल्या 'ॲप्लिकेशन्स'मध्ये येऊन पडते. फाइलमधल्या ओळी साध्या असतात. 'नेम' म्हणजे दिसणारं नाव, 'कॉमेंट' म्हणजे खालचं वर्णन, 'एक्झेक' म्हणजे प्रत्यक्ष चालणारी आज्ञा, 'आयकॉन' म्हणजे चित्र, 'कॅटेगरीज' म्हणजे ती कोणत्या विभागात जाणार आणि 'कीवर्ड्स' म्हणजे कोणत्या शब्दांनी शोधल्यावर ती सापडणार.

विभाग कुठले आणि कुणाच्या पोटात काय, हे एक वेगळी मेनू फाइल ठरवते. ती प्रोग्रामांची नावं मोजत बसत नाही. 'ज्यांच्या कॅटेगरीज ओळीत ऑफिस असेल ते सगळे इथे' अशा नियमांवर ती चालते. ही पद्धत फ्रीडेस्कटॉप या सामायिक मानकातली आहे. म्हणून केडीई, मेट, सिनॅमन अशा लिनक्सच्या इतर डेस्कटॉपवरही सगळीकडे 'डॉट डेस्कटॉप' फाइल तीच आणि तशीच असते.

आता महत्त्वाची गोष्ट. होम फोल्डरमध्ये, म्हणजे खात्याच्या स्वतःच्या फोल्डरमध्ये, 'लोकल' नावाचं, आधी टिंब असलेलं लपवलेलं फोल्डर असतं. त्यात 'शेअर', त्यात 'ॲप्लिकेशन्स'. सिस्टीममधल्या एखाद्या फाइलच्याच नावाची फाइल इथे असली, तर सिस्टीममधली सोडून इथली वाचली जाते. आपले सगळे बदल इथेच करायचे. 'यूएसआर'मधल्या फाइलला हात लावला, तर पुढच्या अपडेटला ती पुसून नवी लिहिली जाते आणि केलेलं काम पाण्यात जातं. लपवलेली फोल्डरं पाहायला फाइल मॅनेजरमध्ये कंट्रोल आणि एच दाबा.

आधी कागद

संगणक बंद असला तरी चालेल अशी ही पायरी आहे, आणि माझ्या मते सगळ्यांत मोलाची. केंद्रात बसा आणि लोक कोणत्या शब्दांत काम सांगतात ते जसंच्या तसं लिहून काढा. 'ब्राउझर उघडून द्या' असं कुणी म्हणत नाही. 'जरा पेपर लावा', 'लाइट बिल आलंय का बघा', 'मुलानं पेन ड्राइव्हमध्ये फोटो दिलेत', 'विभाग कार्यालयाला अर्ज द्यायचाय पाण्याचा', 'उरणची गाडी किती वाजता आहे', 'एखादं नाटक बघू या'. आमच्याकडच्या काकू छापून घ्यायला येतात तेव्हा 'प्रिंट' म्हणतात, काका 'झेरॉक्स' म्हणतात. दोन्ही टिपा, शोधात दोन्ही लागतील.

यादी झाली की एकाच कामाचे वेगवेगळे शब्द एकत्र करा. बहुतेक केंद्रांत आठ-दहा कामांपलीकडे यादी जात नाही. तिथे थांबा. 'हेही असू दे' म्हणून वाढवलेली प्रत्येक नोंद बाकीच्यांना शोधायला अवघड करते. आमची यादी अशी उतरली: पेपर वाचा, अर्ज लिहा, पत्र लिहा, फोटो पाहा, नाटक-गाणी, लाइट बिल, गाड्यांच्या वेळा, पेन ड्राइव्ह पाहा, संगणक बंद करा. नावं आज्ञार्थी किंवा थेट वस्तूची ठेवली. 'दस्तऐवज निर्मिती' असलं काही नको, ते पुन्हा परकंच.

वेगळं खातं आणि आधीची प्रत

सेटिंग्जमधल्या 'यूजर्स अँड ग्रुप्स'मधून केंद्रासाठी वेगळं, प्रशासकाचे अधिकार नसलेलं खातं बनवा. पुढे उदाहरणासाठी त्याचं नाव 'केंद्र' धरतो; प्रत्यक्षात ते इंग्रजी छोट्या लिपीत द्या. सगळे बदल या खात्यात शिरूनच करायचे. तुमचं स्वतःचं प्रशासकाचं खातं मूळ मेनूसह तसंच राहील, म्हणजे दुरुस्तीला आलात की तुम्हाला सगळे प्रोग्राम जागेवर मिळतील.

सुरुवात करण्याआधी पॅनेलच्या (मेनूचं बटण असलेल्या पट्टीच्या) सेटिंग्जमध्ये 'बॅकअप अँड रिस्टोर' आहे, तिथून पॅनेलची आहे ती स्थिती साठवून ठेवा. 'लोकल'मधल्या 'ॲप्लिकेशन्स' फोल्डरचीही प्रत काढा. रिकामं असेल तर प्रश्नच नाही.

नव्या नोंदी बनवा, जुन्या वाकवू नका

मेनू संपादनासाठी 'मेनूलिब्रे' वापरा. नसेल तर सॉफ्टवेअर मॅनेजरमधून बसवता येतो. उघडला की डावीकडे पूर्ण मेनू आणि उजवीकडे निवडलेल्या नोंदीचा तपशील दिसतो.

बरेच जण इथे 'लिबरऑफिस रायटर'चं नाव बदलून 'अर्ज लिहा' करतात. मी ते टाळायला सांगेन. एक प्रोग्राम दोन-तीन कामांना लागतो, आणि मूळ नोंद वाकवली की उरलेल्या कामांना जागा राहत नाही. प्रत्येक कामाला स्वतंत्र नवी नोंद द्या ('ॲड लाँचर') आणि मूळ नोंद नंतर लपवा.

'अर्ज लिहा' हीच नोंद घेऊ, कारण नोंद प्रोग्रामची नसून कामाची असावी म्हणजे काय, ते तिच्यात नीट दिसतं. आधी रायटरमध्ये अर्जाचा सांगाडा तयार करा: उजव्या कोपऱ्यात तारीख, मग 'प्रति', पदनाम आणि कार्यालय यांसाठी दोन मोकळ्या ओळी, 'विषय:', 'महोदय,', मजकुराची जागा, 'आपला विश्वासू', आणि खाली नाव, पत्ता, फोन. अक्षर १६ पॉइंटचं ठेवा, छापलेलंही वाचायला सोपं पडतं. ही फाइल टेम्प्लेट म्हणून केंद्राच्या होम फोल्डरमध्ये साठवा. फाइलच्या नावात मोकळी जागा सोडू नका. मग मेनूलिब्रेत नव्या नोंदीच्या आज्ञेच्या रकान्यात 'लिबरऑफिस', मोकळी जागा, एक आडवी रेघ आणि 'एन' हे अक्षर, पुन्हा मोकळी जागा आणि टेम्प्लेटचा पूर्ण पत्ता टाका. अर्थात सगळं इंग्रजी लिपीत. या 'एन'चा अर्थ असा की फाइल साचा म्हणून वापरून नवा कागद उघड. मूळ सांगाडा कुणाच्या हातून पुसला जात नाही, आणि प्रत्येकाला कोरा, नावगाव भरायचा अर्ज समोर मिळतो.

रायटर म्हणजे काय, नवी फाइल कशी उघडायची, मार्जिन कुठे, हे काहीच शिकवावं लागत नाही. ज्यांनी आयुष्यभर हाताने अर्ज लिहिले, त्यांना अर्जाची मांडणी आपल्यापेक्षा चांगली ठाऊक असते. 'पत्र लिहा' या नोंदीला दुसरा टेम्प्लेट द्या, पद्धत तीच.

'पेन ड्राइव्ह पाहा' याची आज्ञा आणखी सोपी आहे. मिंटमध्ये पेन ड्राइव्ह 'मीडिया' फोल्डरमध्ये खात्याच्या नावाखाली दिसतो. म्हणून 'थुनार' या फाइल मॅनेजरचं नाव आणि पुढे तो पत्ता एवढीच आज्ञा द्यायची. 'संगणक बंद करा' यासाठी 'एक्सएफसीई४-सेशन-लॉगआउट' ही आज्ञा पुरते, शब्दांच्या मधे आडव्या रेघा. ती पुढे काहीही न जोडता द्या, म्हणजे खात्री करून घेणारी खिडकी येते. पुढे 'हॉल्ट' जोडलं तर न विचारता यंत्र बंद होईल, आणि शेजारच्या काकांचा अर्धा अर्ज जाईल.

प्रत्येक नोंदीत 'कॉमेंट'चा रकाना भरा. एक वाक्य पुरे: 'पालिका, बँक किंवा सोसायटीला द्यायचा अर्ज'. नाव वाचून मनात शंका राहिली तर ती या ओळीने मिटते.

वेबसाइटची नोंद

पेपर, लाइट बिल आणि गाड्यांच्या वेळा ही कामं ब्राउझरमधली. मिंटमध्ये 'वेब ॲप्स' नावाचं साधन येतं. त्यात नाव, पत्ता, चित्र आणि विभाग दिला की वेबसाइटची स्वतंत्र नोंद मेनूत तयार होते. ही नोंदही एक 'डॉट डेस्कटॉप' फाइलच असते, त्यामुळे नंतर मेनूलिब्रेत बाकीच्यांसारखीच बदलता येते.

नवी मुंबईत वीज महावितरणची, त्यामुळे 'लाइट बिल' तिथल्या बिलाच्या पानाकडे न्या. पत्ता स्वतः टाइप करून पान उघडा, खात्री करा आणि मगच नोंदीत चिकटवा. शोधून आलेल्या पहिल्या दुव्यावर भरवसा ठेवू नका. ज्येष्ठांच्या नावाने चालणाऱ्या फसवणुकी बनावट बिलापासूनही सुरू होतात, आणि मेनूतली पक्की नोंद हे त्यावरचं एक चांगलं कुंपण आहे. नोंदीसाठी फायरफॉक्स हा ब्राउझर निवडलात तर याच कारणासाठी 'नेव्हिगेशन बार' दाखवण्याचा पर्याय चालू ठेवा, म्हणजे वर पत्ता दिसत राहतो. संगणक सगळ्यांचा असल्याने बिलासारख्या नोंदींना खासगी विंडोचा पर्याय लावा. काकू उठून गेल्यावर त्यांचा ग्राहक क्रमांक मागे राहत नाही.

मूळ नोंदी लपवणं

आता गर्दी कमी करू. मेनूलिब्रेत नोंद निवडा आणि 'हाइड फ्रॉम मेनूज' चालू करा. यामुळे फाइलमध्ये 'नोडिस्प्ले' ही ओळ येते. प्रोग्राम मेनूत दिसत नाही, पण फाइल उघडण्याच्या कामी येत राहतो. म्हणजे फोटो पाहण्याचा प्रोग्राम लपवला तरी फोटोवर दोनदा क्लिक केलं की तो उघडतोच. याच्याशी मिळतीजुळती 'हिडन' नावाची ओळ आहे, तिचा अर्थ मात्र 'ही नोंद काढून टाकली आहे असं समजा' असा होतो. मग फोटो कशात उघडायचे हेही सिस्टीम विसरू शकते. हाताने फाइल बदलत असाल तर 'नोडिस्प्ले'च लिहा.

टर्मिनल, ड्रायव्हर मॅनेजर, डिस्कच्या विभाजनांचं साधन, बॅकअप, सगळं लपवा. कॅलक्युलेटर राहू द्या, तो लोक वापरतात.

आपला विभाग

कामांच्या नोंदींसाठी एक नवा विभाग करू शकता. मेनूलिब्रेत 'ॲड डिरेक्टरी' करा, नाव 'रोजची कामं' द्या आणि नोंदी त्यात ओढा. नोंदींच्या 'कॅटेगरीज' ओळीत स्वतःचा वर्ग हाताने घालायचा असेल तर त्याचं नाव इंग्रजी 'एक्स' आणि आडव्या रेघेने सुरू करा, मानकाची तशी पद्धत आहे. विभाग गडबडला, गायब झाला किंवा दोनदा दिसू लागला तर होममधल्या 'कॉन्फिग' या लपवलेल्या फोल्डरमध्ये 'मेनूज' आहे. तिथली एक्सएफसीईची मेनू फाइल बाहेर काढून ठेवा आणि पुन्हा लॉगिन करा, मूळ मांडणी परत येईल. तुमच्या नोंदींच्या फाइली वेगळ्या फोल्डरमध्ये असल्याने त्या सुरक्षित राहतात.

केंद्रासाठी मात्र विभागापेक्षा पुढची पायरी जास्त उपयोगाची आहे.

व्हिस्कर मेनूची मांडणी

मिंटच्या एक्सएफसीईत पॅनेलवर बसलेला मेनू म्हणजे 'व्हिस्कर मेनू', ग्रॅम गॉट यांनी २०१३ मध्ये आणलेला. त्यात 'फेव्हरिट्स' नावाची यादी असते, आणि तिचा क्रम आपल्या हातात असतो. विभागांमधल्या नोंदी सहसा वर्णानुक्रमे येतात. तिथे 'पेपर वाचा' पहिला हवा म्हटलं तर नावाशी खेळावं लागतं. म्हणून प्रत्येक कामाच्या नोंदीवर उजवी क्लिक करून ती फेव्हरिट्समध्ये घाला आणि माऊसने ओढून क्रम लावा. सगळ्यांत जास्त लागणारं काम वर, 'संगणक बंद करा' अगदी खाली.

मग मेनूच्या बटणावर उजवी क्लिक करून 'प्रॉपर्टीज' उघडा. मेनू उघडल्यावर फेव्हरिट्सच दिसतील असं ठरवा. प्रोग्रामचं वर्णन दाखवण्याचा पर्याय चालू करा, तुमच्या 'कॉमेंट'च्या ओळी तिथे दिसतात. 'जेनेरिक नेम' दाखवण्याचा पर्याय मात्र बंद करा. तो चालू असला की 'नेम'ऐवजी दुसरंच सर्वसाधारण नाव दिसतं, आणि 'मी नाव बदललं पण मेनूत दिसतच नाही' अशी तक्रार बहुतेक वेळा याच्यामुळेच येते.

त्या तक्रारीचं दुसरं कारणही इथेच सांगून टाकतो. संगणकाची भाषा मराठी ठेवली असेल आणि फाइलमध्ये 'नेम'शेजारी चौकटी कंसात मराठीचं भाषाचिन्ह 'एमआर' असलेली वेगळी ओळ असेल, तर तीच ओळ दिसते. नुसतं 'नेम' बदलून उपयोग होत नाही, ती ओळही बदलायला हवी.

चित्रांचा आकार मोठा करा. विभाग माऊस नुसता वरून गेला तरी बदलण्याचा पर्याय बंद ठेवा. हात थोडा थरथरत असला की त्या पर्यायामुळे यादी सारखी बदलत राहते आणि माणूस गोंधळतो. अलीकडे वापरलेल्या नोंदींची संख्या शून्य करा, सामायिक संगणकावर कुणी काय उघडलं हे इतरांना दिसायचं कारण नाही. पॅनेलवरच्या बटणाला चित्रासोबत शीर्षक देता येतं, तिथे ठळक 'कामं' लिहा. 'कमांड्स'च्या पानावरून स्क्रीन लॉक आणि यूजर बदलणं काढून टाका.

अक्षरं लहान वाटली तर 'अपीअरन्स'मध्ये 'फॉन्ट्स' पानावर डीपीआय (अक्षरांचा आकार ठरवणारा आकडा) ९६ वरून ११५-१२० पर्यंत वाढवून पाहा. देवनागरीला वेलांट्या-मात्रांमुळे उंची जास्त लागते, त्यामुळे इंग्रजीला पुरेसा वाटणारा आकार मराठीला अपुरा पडतो. मेनूची रुंदी अशी ठेवा की सगळ्यांत लांब वर्णनही तुटणार नाही.

शोधाचे शब्द

काही जण थेट शोधाच्या चौकटीत टाइप करतात, आणि ते रोमन लिपीत मराठी लिहितात. म्हणून 'कीवर्ड्स'मध्ये दोन्ही लिप्या भरा, शब्दांमध्ये अर्धविराम. 'अर्ज लिहा' या नोंदीत अर्ज, तक्रार, निवेदन, विनंती हे चारही शब्द देवनागरीत, आणि हेच पुन्हा रोमन स्पेलिंगने. 'फोटो पाहा'मध्ये फोटो, चित्र, लग्न, नातू असे शब्दही घाला. लोक फोटो शोधताना खरंच तसं टाइप करतात. कागदावरची सुरुवातीची यादी इथे पुन्हा काढा, शब्द तिच्यातूनच घ्यायचे.

नोंदी लगेच दिसल्या नाहीत तर लॉगआउट करून पुन्हा आत या.

चाचणी

मेनू तयार झाला की दोन-तीन जणांना एकेक करून बसवा, एक काम सांगा आणि गप्प राहा. बोट दाखवू नका, 'तिथे वर' म्हणू नका. माऊस कुठे रेंगाळतो आणि कोणतं नाव दोनदा वाचलं जातं ते पाहा. आमच्याकडे 'नाटक-गाणी' समोर असताना एक आजी 'सिनेमा' शोधत राहिल्या. त्यांच्या लेखी नाटक वेगळं आणि सिनेमा वेगळा, आणि ते बरोबरच आहे. नाव 'नाटक, सिनेमा, गाणी' असं केलं. नोंद लांब झाली, पण सापडू लागली.

बदल करायचे ते पहिल्या आठवड्यातच उरका. एकदा लोकांचा हात बसला की क्रम हलवू नका, कारण बरेच जण नाव न वाचता जागा लक्षात ठेवून क्लिक करतात. नवी नोंद आलीच तर ती 'संगणक बंद करा'च्या वर, बाकीच्यांच्या शेवटी घाला.

हीच मांडणी वाशीच्या किंवा ठाण्याच्या एखाद्या केंद्रात न्यायची असेल तर 'लोकल'मधलं 'ॲप्लिकेशन्स' फोल्डर, 'कॉन्फिग'मधलं 'मेनूज', अर्ज आणि पत्राचे टेम्प्लेट, आणि 'बॅकअप अँड रिस्टोर'मधून बाहेर काढलेली पॅनेलची फाइल एवढं पेन ड्राइव्हवर घ्या. वेबसाइटच्या नोंदी मात्र नव्या संगणकावर 'वेब ॲप्स'मधून पुन्हा बनवा, कारण त्यांना ब्राउझरचं स्वतःचं प्रोफाइल लागतं. आणि तिकडच्या खात्याचं नावही 'केंद्र'च ठेवा. पेन ड्राइव्हच्या नोंदीत आणि दोन्ही टेम्प्लेटच्या पत्त्यांत खात्याचं नाव आलेलं आहे, ते वेगळं पडलं तर या तीन नोंदी उघडणार नाहीत.